सुगतचा लाईट

मोडेम बदलायला माणूस आला तेव्हा मी त्याला आधी चपला बाहेर काढायला लावल्या आणि मग हात धुवायला लावले. माझी अख्खी नोकरी वॉर्डात गेली. आधी स्टाफ नर्स, मग सिस्टर-इन्चार्ज. माणूस रिटायर होतो, जीभ होत नाही.

"मावशी, मोडेम लावायचाय. आपरेशन नाय करायचं," तो म्हणाला.

"दहा घरांच्या वायरी हाताळून आलास ना? मग धू. तो साबण लाल डबीतला."

त्याचं नाव दत्तू. घणसोली गावचा, चाळिशी उलटलेला, खिशाला कायम दोन स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेले. आमच्या जुईनगरच्या या लाईनीतल्या सगळ्या बिल्डिंगींचं इंटरनेट तोच बघतो. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलले.

जुना मोडेम त्याने काढला आणि चार शिंगांचा नवा काळा मोडेम लावला. "आपिसातनं सगल्यांचे बदलायला सांगितलेत. आता बघा कसं सुसाट चालंल." टीव्ही लावून दाखवला, माझ्या मोबाईलवर कसलातरी नाच लावून दाखवला. मी म्हटलं, बरं. जुना मोडेम पिशवीत टाकून तो गेला.

त्या संध्याकाळी सुगतचा लाईट लागला नाही.

आता सुगतचा लाईट म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी एका बल्बासाठी एवढी का नाचली.

सुगत माझा एकुलता एक मुलगा. आयर्लंडमध्ये डब्लिनला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. आमचे मिस्टर, किसन, गेले त्या वर्षी तो महिनाभराची रजा काढून आला होता. मी तेव्हा कशी होते ते मला नीट आठवत नाही, पण त्याने मला एकदा संध्याकाळी खुर्चीत तशीच अंधारात बसलेली बघितली. दुसऱ्या दिवशी बघितली, तिसऱ्या दिवशी पण तेच. लाईट लावायचं माझ्या लक्षातच यायचं नाही. ते काम किसनचं होतं. दिवस मावळायला आला की ते पाय धुऊन यायचे, बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायचे, मग खिडकीजवळचा लाईट लावायचे आणि म्हणायचे, "गिरजा, चहा टाक." तो लाईट लागला की मला कळायचं, आता दिवस संपला. माणूस गेलं, तर लाईट लावायचा कुणी?

 जायच्या आधी सुगतने एक पांढरा डबा आणला, साबणदाणीएवढा. तो मोडेमशेजारी ठेवला. खिडकीजवळचा बल्ब काढून दुसरा लावला. माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं, त्यात बल्बाचं गोल चित्र. म्हणाला, "आई, हे घराचं सॉफ्टवेअर आहे. आता हा लाईट मला तिकडून पण लावता येतो. फक्त भिंतीवरचं बटण बंद करू नकोस, नाहीतर बल्ब मरतो." मी त्या बटणावर बँडेजची चिकटपट्टी लावून टाकली. वॉर्डातली सवय.

तो तिकडे पोचला, त्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आई, खिडकीकडे बघ." मी बघितलं आणि लाईट लागला. घरात कुणी नाही, आणि लाईट लागला! "इथून लावला," तो हसत म्हणाला. मी त्याच्यासमोर नाही रडले. फोन ठेवल्यावर रडले, आणि चांगली पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी लाईट लागला. तिसऱ्या दिवशी लागला. मग रोजच.

आमचा फोन फक्त रविवारी व्हायचा, तोही त्याला वेळ असेल तसा. पण लाईट रोज. मी हिशोब केला होता. आपल्याकडे दिवस मावळतो तेव्हा तिकडे दुपार. म्हणजे जेवायच्या सुट्टीत लावतो. डबा उघडायच्या आधी आईचा लाईट, असं मी मनात चित्र काढलं होतं. डिसेंबरात सहालाच लागायचा आणि जूनमध्ये सव्वासातला. म्हटलं, थंडीत तिकडे सुट्टी लवकर होत असेल. गोऱ्यांचं काही सांगता येत नाही.

एकदा तो तापाने फणफणला होता. सूनबाईनेच सांगितलं, संघप्रियाने, की दोन दिवस डोळे उघडले नाहीत. पण लाईट दोन्ही दिवस लागला. मी म्हटलं, अरे माझ्या लेकरा, ताप असला म्हणून काय झालं, नको ना रे उठूस. आणि एकदा तर तो विमानात होता, कुठल्यातरी ऑफिसच्या कामाला अमेरिकेला चालला होता, आणि लाईट लागला. माझी धाकटी बहीण अरुणा उरणला असते. तिला फोन करून सांगितलं, "अगं, विमानातून लावला!" ती म्हणाली, "ताई, तुझ्या सुगतसारखा मुलगा सगळ्यांना मिळो." मला दोन दिवस जेवण गोड लागलं.

आणि मीही त्याला उत्तर द्यायचे. रात्री झोपायच्या आधी ॲपमधलं ते गोल चित्र दाबून लाईट बंद करायचे. तो म्हणाला होता, तू बंद केलास की मला इथे फोनवर दिसतं. म्हणजे त्याने लावला की मला कळायचं तो बरा आहे, मी बंद केला की त्याला कळायचं आई झोपली. झालं आमचं बोलणं. दोन वर्षं आम्ही असे बोलत होतो.

त्यापायी मी संध्याकाळची कुठे जायची बंद झाले. अरुणाच्या नातीचं बारसं उरणला होतं. पाळण्याचं गाणं अर्ध्यावर असताना मी पर्स उचलली. अरुणाचा चेहरा एवढासा झाला. "ताई, राहा गं आज. रात्री कुठे जातेस?" मी म्हटलं, "नाही बाई, सुगत लाईट लावेल आणि मी घरात नसेन, हे बरं दिसतं का?" बसमध्ये मला वाईट वाटत होतं, पण घरी पोचले तेव्हा लाईट लागलेला होता, आणि माझं सगळं वाईट वाटणं पळालं. पोर वाट बघत होतं ना.

तर असा तो लाईट, आणि तो त्या दिवशी लागला नाही.

सात वाजले, आठ वाजले. मी ॲप उघडलं तर बल्बाचं चित्र राखाडी पडलेलं आणि खाली लिहिलेलं, ऑफलाइन. माझ्या डोक्यात लगेच आलं, मोडेम! दत्तूला फोन लावला.

"मावशी, नेट चालू हाय का? टीव्ही चालू हाय का? मग माझं काम झालं."

"तुझं झालं असेल, माझं नाही झालं. उद्या सकाळी इथे ये."

आला बिचारा. पुन्हा चपला काढल्या, न सांगता हात धुतले. पांढरा डबा उलटा-सुलटा केला, वायर काढून घातली, ॲपमध्ये काय काय दाबलं. चक्र फिरायचं, फिरायचं, आणि मग अक्षरं यायची, 'उपकरण सापडत नाही'. उपकरण समोर, नाकासमोर, आणि म्हणे सापडत नाही! त्याने बल्बाच्या कंपनीला फोन लावला. तिथली बाई इंग्रजीत गोड बोलली आणि म्हणाली, तुमचा मोडेम आमच्या सॉफ्टवेअरशी जुळत नाही.

"लग्न ठरवायला बसलीय का ही?" मी म्हटलं. "पत्रिका बघ म्हणावं."

दत्तू हसला, पण घाम पुसत हसला. "मावशी, असं हाय. ह्या लहरी दोन जातीच्या असतात. एक जुनी, हलू चालनारी. एक नवी, फास्ट. जुन्या मोडेममदी दोगींची नावं येगली येगली होती. ह्यो नवा मोडेम दोगींना एकाच नावानं सोडतो. तुमचा बल्ब आन हा डबा, यांना फकस्त जुनी कलते. त्याच्यात पुना मोडेमचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. ते वलखतच नायत याला."

"मग जुना मोडेम आण."

"तो भंगारात गेला. आपिसात ढीग लागलाय."

"दत्तू!"

"मावशी, एवढं काय टेन्शन घेता?" त्याने माझ्या चिकटपट्टीकडे बोट केलं. "भिंतीवरचं बटन बंद करा आन चालू करा. लागतो का नाय बघा लाईट."

"लाईट मलाही लावता येतो रे! मी काय आंधळी आहे? माझ्या मुलाला लावता यायला हवा. तो रोज लावतो."

दत्तूने माझ्याकडे बघितलं.  डबा जागेवर ठेवत म्हणाला, "जुन्या मोडेमचं नाव आन पासवर्ड मिलाला तर बगतो काय जमतंय का. तुमच्या मुलाला विचारा."

"विचारायची गरज नाही. तो तिकडे बटण दाबत असेल, लागत नसेल. आज-उद्या त्याचाच फोन येईल, 'आई, काय झालं?' मग विचारते."

मला खरंच तसं वाटत होतं. मी मोबाईल मांडीवर घेऊन बसले. किती जीव कासावीस होत असेल पोराचा, असं वाटत होतं. एवढी दोन वर्षं न चुकता लावतोय आणि आता लागत नाही म्हटल्यावर माणूस काय काय विचार करेल? आई पडली असेल, बाथरूममध्ये घसरली असेल. मी तर घाबरून त्याच्यासाठी उत्तरं तयार करून ठेवली होती, की मी बरी आहे, फक्त मोडेम बदललाय.

फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. संध्याकाळी मी ट्यूबलाईट लावायचे आणि खिडकीजवळचा तो बल्ब काळा दिसायचा. मेणबत्ती लावून वंदना म्हणायला बसायचे तर मधलंच विसरायचे. त्रिशरण लहानपणापासून म्हणतेय मी, झोपेत उठवलं तरी येईल, आणि विसरायचे. डोळे सारखे त्या बल्बाकडे.

रविवारी त्याचा फोन आला. व्हिडिओवर दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"बरी आहेस ना आई? गोळ्या घेतेस ना?"

"घेते."

"बाकी काय?"

मी वाट बघितली. आता विचारेल, आता विचारेल. शेवटी मीच म्हटलं, "बाकी काय, हल्ली घरात अंधारच असतो."

"चला, लाईटबिल वाचतंय मग तुझं," तो म्हणाला आणि हसला. मग म्हणाला, खूप काम आहे, पुढच्या रविवारी निवांत बोलू.

फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं तोंडावर सांगितलं तरी विचारत नाही! मी त्या रात्री जेवले नाही. आणि उपाशीपोटी पडल्या पडल्या मला वाटलं, थांब गिरजा, त्याला राग आलाय. तो रोज बटण दाबतोय, लागत नाही. त्याला काय कळणार मोडेम बदललाय? त्याला वाटलं असेल, आईनेच भिंतीवरचं बटण बंद करून टाकलं. आईला नको झाला माझा लाईट. म्हणून तो टोचून बोलला, बिल वाचतंय म्हणून. लहानपणीही असाच होता. रुसला तर तोंडाने सांगायचा नाही, नुसता कोपऱ्यात बसायचा.

बरोबर, असंच असणार. आणि मी इकडे वेड्यासारखी त्याच्यावरच चिडले होते! मग मला झोप लागेना.

सकाळी दत्तूला बोलावून घेतलं. "तू म्हणाला होतास ना, जुनं नाव आणि पासवर्ड मिळाला तर जमेल? ये लगेच. मी सुगतला फोन लावते."

दत्तू आला तेव्हा तिकडे पहाट संपत होती. मी सुगतला फोन लावला. दत्तूला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. दत्तू मोडेमपाशी स्टुलावर बसला होता, मांडीवर त्याचा लॅपटॉप.

"आई? काय झालं? एवढ्या सकाळी?"

"सुगत, तू रागावलायस का माझ्यावर?"

"नाही गं. का?"

"लाईट लागत नाही म्हणून. मी बंद नाही केला रे. शपथ. मोडेम बदललाय, तुझ्या त्या डब्याचं आणि त्याचं जुळत नाही. तू रोज लावत असशील आणि..."

"कोणता लाईट?"

मला आधी वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. "अरे, कोणता काय! खिडकीजवळचा. तू रोज संध्याकाळी लावतोस तो."

तिकडे भांड्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"आई," तो म्हणाला, "तो मी नाही लावत. ते सेटिंग आहे. सूर्य मावळला की आपोआप लागतो. जुईनगरची सूर्यास्ताची वेळ त्यात टाकलेली आहे, ते रोज आपलं आपण बघतं."

"पण तू लावलास. माझ्यासमोर लावलास."

"पहिल्या दिवशी ना? तो टेस्ट करायला लावला होता."

 डिसेंबरात सहाला आणि जूनमध्ये सव्वासातला. म्हणजे सूर्याची वेळ. रोज खिडकीतून सूर्य मावळताना बघत होते मी, त्याच्याच पाठोपाठ लाईट लागत होता, आणि मला डब्लिनची जेवायची सुट्टी दिसत होती! तापात कोण उठणार? विमानातून कोण लावणार? अरुणाला केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं मी. आणि ती बारशातली पोर, तिच्या पाळण्याला नीट हातही लावला नाही मी. एका सेटिंगसाठी धावत घरी आले होते.

तरी मी विचारलंच. "आणि रात्री मी बंद करते, ते? ते तुला दिसतं ना?"

"दिसतं म्हणजे..." तो घुटमळला. "नोटिफिकेशन यायचं गं. पण आपल्याकडे रात्र तेव्हा माझ्या मीटिंग चालू असतात. सारखं वाजायचं. मी ते म्यूट केलंय."

"कधी?"

"बरेच दिवस झाले, आई."

दत्तू खाली मान घालून स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याला बोट घासत होता. मला त्याच्यासमोर लाज वाटली, आणि स्वतःची तर किती वाटली ते सांगता येत नाही. वॉर्डभर दरारा होता माझा. आणि इथे वायरमनसमोर मी म्हातारी बाई बल्बाशी बोलताना पकडले गेले होते.

"दत्तूला जुनं नाव सांग," मी म्हटलं. आणि आत स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला. नळाच्या आवाजात रडलं की बाहेर ऐकू जात नाही, ही पण वॉर्डातलीच सवय.

बाहेर आले तेव्हा दोघांचं काम चाललं होतं. नाव सुगतने इंग्रजी अक्षरांत ठेवलं होतं, 'आईचं घर', सगळं जोडून. पासवर्ड त्याच्या पप्पांचं नाव आणि त्यांचं जन्मसाल. दत्तू नव्या मोडेमच्या आत शिरून जुन्या लहरी वेगळ्या काढत होता आणि त्यांना तेच जुनं नाव देत होता.

"बल्बाला वाटलं पायजे, जुनाच मोडेम हाय," तो मला समजावत म्हणाला. माझा चेहरा बघून मुद्दामच बोलत होता.

"म्हणजे फसवायचं त्याला."

"नाव तेच, पासवर्ड तोच. त्याला काय कलतंय, मावशी?"

बल्ब दोनदा लुकलुकला. ॲपमधलं राखाडी चित्र पिवळं झालं. दत्तू खूश झाला, टाळीच वाजवणार होता. फोन अजून चालूच होता. त्यातून सुगत म्हणाला, "झालं आई? आता बघ, संध्याकाळी लागेल आपोआप."

आपोआप म्हटलं आणि माझं डोकं फिरलं.

"नको," मी म्हटलं. "ते काढ."

"काय काढू?"

"ते सूर्याचं सेटिंग. काढून टाक."

"अगं, मग लागणार नाही ना. पप्पा गेले तेव्हा तू अंधारात बसून राहायचीस, आठवतंय? मला ते बघवत नव्हतं. म्हणून तर केलं ते."

ते मला माहीत होतं. त्याने काळजीनेच केलं होतं. पण काळजी त्याने एकदाच केली होती, आणि मी ती रोज केल्यासारखी रोज घेत होते. हे त्याला कसं सांगायचं? मी मला आलं तसं सांगितलं.

"अंधाराचं मला सांगू नकोस. रात्रपाळ्या केल्यात मी. ट्यूबलाईट आहे घरात, मेणबत्त्या आहेत. उजेडाचं मी बघीन. तो बल्ब तुझा आहे. तुला आठवण आली तर तू लाव."

"आई, मी विसरेन गं." त्याचा आवाज खाली आला. "खरं सांगतो. मला माहितीये, मी विसरेन."

"विसर. मग त्या दिवशी मी समजेन, आज विसरला. पण लागला, तर तो तू लावलेला असला पाहिजे. सूर्याशी माझं काही देणंघेणं नाही."

तिकडे त्याने काहीतरी दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काढलं."

दत्तूला मी चहासुद्धा विचारला नव्हता. दारात चपला घालता घालता तो म्हणाला, "मावशी, काय अडलं तर फोन करा. नेटचंच पायजे असं नाय." आणि जिना उतरून गेला.

त्या संध्याकाळी लाईट लागला, पाठोपाठ फोनही आला. "आई, मीच लावला हां, मी." मी म्हटलं, "बरं बाबा." पुढचे काही दिवस लागत होता. कधी दिवस असतानाच, कधी आठ वाजून गेल्यावर. मग एक दिवस नाही लागला. मग दोन दिवस नाही. मग लागेना तो लागेनाच.

वाईट वाटायचं का? खूप वाटायचं. खोटं कशाला बोलू? ट्यूबलाईटच्या उजेडात तो बल्ब दिसला की वाटायचं, होतं ते काय वाईट होतं? रोज लागत होता, मी रोज खूश होते. कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? एकदा तर फोन हातात घेतला, म्हणावं त्याला, लाव बाबा परत ते सेटिंग, मला कळलंच नाही असं समजेन मी. नंबर लावला नाही. पण फोन कितीतरी वेळ हातात होता.

संध्याकाळ रिकामी झाली म्हणून मी बाहेर पडायला लागले. उरणला गेले, दोन रात्री राहिले. अरुणाची नात आता रांगते. तिला मांडीवर घेऊन मी नको तेवढं रडले. अरुणाला मी काही सांगितलं नव्हतं. "लाईटचं काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बिघडलाय."

मागच्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. उरणजवळच्या करंजा बंदरावरची सुकट, म्हणजे सुकवलेला जवळा, घेऊन आली होती. भर दुपारी आम्ही दोघी हॉलमध्ये पेपर पसरून सुकट निवडत बसलो होतो. बाल्कनीतून ऊन थेट आमच्या पायापर्यंत आलं होतं, एवढं की डोळे दिपत होते. पंखा सुकटीमुळे बंद. घामाने जीव हैराण.

अरुणाने मान वर केली. "ताई, तो लाईट कशाला लावून ठेवलास?"

मी बघितलं. खिडकीजवळचा बल्ब लागलेला होता. उन्हात नीट दिसतही नव्हता, नुसता पिवळा ठिपका.

घरात आम्ही दोघीच. माझा मोबाईल आत चार्जिंगला. सूर्य चांगला वर होता, मावळायला अजून अख्खी दुपार पडलेली. तिकडे सकाळ असणार, तो ऑफिसला निघाला असेल, बसमध्ये असेल, नाहीतर चहाचा कप हातात असेल. आई उजेडात बसलीय का अंधारात, हे त्याच्या डोक्यातही आलं नसेल. आठवण झाली आणि दाबलं. नुसतं तेवढंच. फोन वाजला नाही, मेसेज आला नाही.

अरुणा उठली आणि भिंतीवरच्या बटणाकडे गेली. चिकटपट्टीचं टोक तिने नखाने उचकटलं.

"हात लावू नकोस!" मी ओरडले. वॉर्डात ओरडायचे तशी ओरडले. ती दचकून मागे सरली.

"अगं, ऊन बघ केवढं आहे! दिवसाढवळ्या कुणी लाईट जाळतं का?"

"जळू दे."

"बिल येईल, ताई."

"येऊ दे," मी म्हटलं, आणि सुकटीच्या हातांनीच डोळे पुसले. मग ते झोंबायला लागले.